जुन्या नायट्रो ड्रॅग कारच्या (सरळ पट्ट्यावर शर्यत लावणाऱ्या गाडीच्या) चाचणीत ड्रायव्हर मध्येच थ्रॉटलवरून, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरवरून, पाय का काढतो? सरळच तर जायचं असतं, मग त्याच्या हातात असतं तरी काय?

तुम्ही व्हिडिओत पाहिलेली गाडी, म्हणजे इंजिन पुढे, माणूस पार मागच्या टोकाला, सुटली आणि तीनेकशे फुटांवर गप्प झाली, तरी टीमची माणसं खूश, ती बहुधा बिघडलेली नव्हती. तिथेच पाय काढायचा हे सकाळी पिटमध्ये, म्हणजे गाडी तयार करायच्या जागी, ठरलेलं असतं. आणि हातात काय असतं, तर ऐन धावेत फार थोडं. जे थोडं असतं ते मात्र चुकवून चालत नाही.

मी कॅलिफोर्नियात बेकर्सफील्डजवळ राहतो आणि फामोसोच्या ड्रॅग स्ट्रिपवर एका हौशी टीमला सुट्टीच्या दिवशी हातभार लावतो. ड्रायव्हर नाही. तेल काढणं, प्लग क्रमाने मांडणं, इंधन मिसळणं ही माझी कामं. त्यामुळे हे उत्तर सीटवरून नाही, गाडीच्या मागे उभं राहून लिहिलेलं आहे असं समजा.

आधी इंधन, कारण बाकीचं सगळं त्यातूनच निघतं. सिनेमात बटण दाबून सोडतात तो नायट्रस ऑक्साइड वायू हा नव्हे. हे नायट्रोमिथेन, एक द्रव. त्याच्या रेणूतच ऑक्सिजन असतो. एक किलो पेट्रोल पुरतं जाळायला साधारण 14.7 किलो हवा लागते, नायट्रोला फक्त 1.7 च्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेत आठ-नऊपट इंधन कोंबता येतं. नायट्रोची किलोमागची ऊर्जा पेट्रोलच्या पावभरच आहे, तरी एकूण हिशोबात तेवढ्याच हवेवर दुपटीहून जास्त ताकद मिळते. पण ते सावकाश जळतं. एक्झॉस्टच्या नळीतून बाहेर पडतानाही जळतच असतं, त्या ज्वाळा तुम्ही पाहिल्यात. आणि सिलिंडरमध्ये ते इतकं शिरतं की एखादी ठिणगी चुकली तर पिस्टनसमोर वायूऐवजी द्रव येतो. द्रव दाबला जात नाही. मग पिस्टन, कनेक्टिंग रॉड, हेड, यांतलं जे कच्चं असेल ते जातं.

म्हणूनच पहिल्या चाचणीला आमचा क्रू चीफ (टीमचा प्रमुख) नायट्रोचा टक्का खाली ठेवतो आणि उरलेलं मिथेनॉल. टक्का मोजायला हायड्रोमीटर. काचेच्या उंच नळीत मिश्रण ओतायचं, हायड्रोमीटर अलगद सोडायचा आणि डोळा पातळीला आणून वाचायचं. नायट्रो पाण्यापेक्षा जड, मिथेनॉल बरंच हलकं, त्यामुळे नायट्रो वाढलं की तो वर तरंगतो. पण ऊन चढलं की द्रव पसरतो, घनता उतरते आणि तोच पिंप कमी टक्का दाखवायला लागतो. नवखा माणूस लगेच आणखी नायट्रो ओततो. म्हणून सोबत थर्मामीटर आणि तापमानाचा तक्ता. बेकर्सफील्डच्या उन्हात पिंप सावलीत ठेवण्यावरून मी जितकी भांडणं पाहिली आहेत तितकी इंजिनवरून नाही.

दुसरी गोष्ट जेटची. यांत्रिक पंप इंजिनच्या वेगाबरोबर इंधन ढकलत राहतो आणि नको असलेलं टाकीकडे परत पाठवलं जातं. त्या परतीच्या वाटेवर भोक पाडलेला एक छोटासा तुकडा बसवतात, तोच जेट. भोक मोठं केलं की परत जास्त जातं आणि इंजिनला कमी मिळतं. हे उलटं गणित पहिल्या दिवशी कुणाच्याच डोक्यात बसत नाही. चाचणीला आम्ही लहान जेट लावतो. गाडी थोडी मंद सुटेल, पण काही वितळणार नाही.

आता मध्येच पाय का काढायचा. या गाड्यांत बहुधा गिअर नसतो. इंजिन, क्लच आणि थेट मागचा अ‍ॅक्सल. एवढी ताकद उभ्या गाडीला एकदम लागू शकत नाही, कुठेतरी घसरण हवीच. साठच्या दशकात ती टायरवर व्हायची. जुन्या फोटोंत ड्रॅगस्टर शेवटपर्यंत पांढरा धूर सोडत जाताना दिसतात ते त्यामुळे. पुढे टायर सुधारले, पकड आली आणि ती घसरण क्लचमध्ये सरकली. एकावर एक ठेवलेल्या चकत्या आधी घसरतात, तापतात आणि धावेच्या मध्यात कुठेतरी पक्क्या धरतात. धरल्या की इंजिनवर एकदम बोजा येतो आणि इंधनाची गरजही बदलते.

म्हणजे चारशे मीटरच्या आतच गाडीचे दोन वेगळे अवतार असतात. पहिल्या 60 फुटांत ती सरळ सुटते का, टायर धरतात का, हा एक प्रश्न. 330 फुटांच्या पुढे क्लच धरल्यावर इंजिन बोजा घेतं का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मिळायच्या आत दुसऱ्यात शिरलं तर काही मोडल्यावर कशाने मोडलं हेच कळत नाही. म्हणून आधी नुसतं सुटणं, मग अर्धा ट्रॅक, मग पूर्ण. अमेरिकेत ड्रायव्हरचं लायसन्सही याच क्रमाने मिळतं. त्याआधी डोळे बांधून कॉकपिटमध्ये बसवतात आणि एकेक लिव्हर, एकेक स्विच हाताने दाखवायला सांगतात. आगीत किंवा तेल उडाल्यावर दिसणं बंद होतं, तेव्हा हाताला ठाऊक असलेलं पाहिजे.

या जुन्या घडणीला स्लिंगशॉट म्हणतात. ड्रायव्हर मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे बसतो, पाय अ‍ॅक्सलच्या दोन बाजूंनी पुढे आणि तळव्यांपाशी क्लचचं घर. डावा पाय क्लचवर, उजवा थ्रॉटलवर, एक हात ब्रेकच्या लिव्हरवर, दुसरा स्टिअरिंगवर. ब्रेक फक्त मागच्या चाकांना. पुढची चाकं सायकलची वाटावीत इतकी बारीक, त्यांना ब्रेक नाहीच. समोर इंजिन आणि त्यावर सुपरचार्जर (इंजिनात हवा कोंबणारा पंप), त्यामुळे रस्ता दिसतो तो बाजूबाजूने. हिरवा दिवा लागला की क्लच सोडायचा, थ्रॉटल पूर्ण दाबायचा आणि ब्रेकवरचा हात स्टिअरिंगवर आणायचा. आजच्या चांगल्या जुन्या घडणीच्या गाड्या सहा सेकंदांच्या आत, ताशी 250 मैलांच्या आसपास पाव मैल संपवतात. (पाव मैल म्हणजे 402 मीटर आणि 250 मैल म्हणजे ताशी 402 किलोमीटर. योगायोग, पण लक्षात ठेवायला बरा.) त्या वेगाला सेकंदाच्या दहाव्या भागात गाडी अकरा मीटर पुढे गेलेली असते.

एवढ्यात तो स्टिअरिंग फिरवतो म्हणजे बोटांनी जेमतेम हलवतो. गाडी डावीकडे सरकली म्हणून उजवीकडे ओढलं की पुढच्या क्षणी ती उजवीकडे दुप्पट जाते. चांगले ड्रायव्हर गाडीला थोडं भटकू देतात. ट्रॅकच्या रबर बसलेल्या, चिकट केलेल्या पट्ट्यावरून गाडी बाहेर जायला लागली तर मात्र सुधारत बसायचं नाही, पाय काढायचा. त्याचं खरं काम हेच: काय झालं तर थांबायचं, हे आधीच पक्कं करून ठेवणं. धावेत विचाराला वेळ नसतो.

थांबायची कारणं ठरलेली आहेत. टायरची पकड सुटून धूर निघाला. किंवा टायर थरथरायला लागला, म्हणजे त्याची भिंत इतकी चुरगळते आणि सुटते की हेल्मेट रोल केजवर (ड्रायव्हरभोवतीच्या नळ्यांच्या पिंजऱ्यावर) आपटतं आणि डोळ्यांपुढचं सगळं दोन-दोन दिसतं. किंवा सिलिंडर गेला. आजच्या टॉप फ्युएल (नायट्रो ड्रॅगस्टरचा सर्वांत वरचा वर्ग) इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग असतात, आमच्यासारख्या जुन्या क्रायसलर हेमी इंजिनात एकच. तो विझला की त्या नळीतून ज्वाळेऐवजी न जळलेल्या इंधनाचं पांढुरकं धुकं येतं. एक्झॉस्टचा रेटाही थोडाथोडका नसतो, त्यामुळे एका बाजूचा रेटा कमी पडला की गाडी मेलेल्या सिलिंडरच्या बाजूला ओढते. ड्रायव्हरला वाटतं स्टिअरिंग बिघडलं. आम्ही मागून नळ्या मोजत असतो, आम्हाला खरं कारण दिसतं.

शर्यतीत टायर सुटले तर काही जण पाय काढून लगेच परत दाबतात. प्रतिस्पर्धी शेजारी असतो, ते समजू शकतं. चाचणीत तसं करणारा ड्रायव्हर मला पटत नाही. टायर सुटल्यावर बोजा गेलेला असतो, इंजिन वर पळालेलं असतं, सिलिंडरमध्ये किती इंधन साचलंय कुणाला माहीत नसतं. त्यात पुन्हा थ्रॉटल म्हणजे सुपरचार्जर उडवायला आमंत्रण. आणि मिळतं काय? एक धाव, जिच्यातून काहीच शिकता येत नाही.

चाचणी म्हणजे काय हे समजून घ्यायचं असेल तर ड्रॅग ड्रायव्हर डॉन गार्लिट्सची हकिकत वाचा. 8 मार्च 1970 रोजी लाँग बीचजवळच्या लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर त्याच्या स्लिंगशॉटचा ट्रान्समिशन (त्याच्या गाडीत गिअरबॉक्स होता) सुटतानाच फुटला, गाडीचे दोन तुकडे झाले आणि त्याच्या उजव्या पायाचा पुढचा भाग गेला. फुटणारी वस्तू बरोबर पायांपाशी, हा या घडणीचा मूळ दोष. बरा झाल्यावर त्याने इंजिन मागे आणि माणूस पुढे अशी गाडी बांधायला घेतली. ही कल्पना आधीही लोकांनी करून पाहिली होती, पण तशा गाड्या सरळ जात नाहीत असाच लौकिक होता. त्याचीही सुरुवातीला जाईना, वेग वाढला की सैरभैर व्हायची. चेसिसवर बरंच डोकं खर्च झाल्यावर इलाज सापडला तो साधा निघाला: स्टिअरिंग मंद केलं. हात तेवढाच फिरवला तरी चाक कमी वळेल असं.

मला यामागचं कारण असं वाटतं. स्लिंगशॉटमध्ये माणूस शेपटाशी बसलेला, मागचा भाग जरा सरकला तरी सीटमधून लगेच कळतं. पुढे बसल्यावर ती जाणीव उशिरा येते, तोवर हात घाबरून जास्त फिरलेला असतो. गाडीत दोष नव्हता, माणसाच्या हाताला ती जास्तच लगेच ऐकत होती. 1971 च्या पोमोनाच्या विंटरनॅशनल्स शर्यतीत तीच गाडी जिंकली आणि काही वर्षांत टॉप फ्युएलमधून स्लिंगशॉट हद्दपार झाले. आता ते धावतात ते फक्त अशा जुन्या गाड्यांच्या शर्यतींत.

गाडी थांबवण्यालाही क्रम असतो. थ्रॉटलवरून पाय, पॅराशूट, मग इंधनाचा लिव्हर बंद, आणि वेग उतरल्यावर हातब्रेक. घाईत आधी मॅग्नेटो (प्लगला ठिणगी पुरवणारं यंत्र) बंद केला तर ठिणगी जाते पण इंधन येतच राहतं, आणि गरम इंजिनात ते साचणं कुणालाच नको असतं. इंधन तोडलं की इंजिन उरलंसुरलं जाळून आपणच गप्प होतं. तुमच्या व्हिडिओत शेवटी आवाज खाडकन न थांबता दोन-चार ठोके अडखळला असेल, तो हाच.

मग पिटमध्ये आमचं काम सुरू. तेल काढायचं, कारण त्यात इंधन उतरलेलं असतं. बेअरिंग उघडून बघायचे. प्लग एक ते आठ ओळीने. ज्याची टोकाची पट्टी जास्त भाजलेली त्या सिलिंडरला इंधन कमी पडलं, जो ओला तो पेटलाच नाही. क्लचच्या चकत्या मोजायच्या, किती झिजल्या ते लिहायचं. आता रेकॉर्डर असतात, आलेखही निघतात, पण आमचा क्रू चीफ आधी प्लग बघतो.

आणि ड्रायव्हरला वेळेची चिठ्ठी दाखवायच्या आधी बोलतं करतो. कुठे हलली, कोणत्या बाजूला, स्टिअरिंग किती द्यावं लागलं, पाय तू काढलास की गाडीने काढायला लावला. चिठ्ठी बघितली की माणूस आकड्यांना जुळेल अशीच गोष्ट सांगायला लागतो. चाचणीचा ड्रायव्हर निवडायचा असेल तर मी सर्वांत वेगवान माणूस घेणार नाही, हे पाच वाक्यांत क्रमाने सांगू शकणारा घेईन.

लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ज्या ड्रॅग शर्यती होतात त्या तुम्ही पाहिल्या असतील. तिथल्या गाड्या वेगळ्या, पण 60 फुटांचा हिशोब तोच. आणि कधी मार्च महिन्यात इकडे येणं झालं तर फामोसोची मार्च मीट बघा, 1959 पासूनची शर्यत आहे. शर्यतीच्या दिवसापेक्षा पात्रता फेऱ्यांच्या दिवशी या, तिकीटही स्वस्त पडतं आणि पिटमध्ये जवळ जाता येतं. कानात बोळे घालून वर इअरमफ लावा. इंजिन चालू असताना वाऱ्याच्या खालच्या बाजूला उभे राहू नका, त्या धुराने डोळे असे झोंबतात की गाडी सुटलेली दिसणारच नाही.