बायोलॉजी सोडायची घाई नको

प्रश्न: आम्ही गोव्यातल्या डिचोलीचे. मुलगी अकरावी सायन्सला आहे, गणित आणि बायोलॉजी दोन्ही घेतलंय. आजोबांची प्रोस्टेटची बायोप्सी बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात झाली, तेव्हापासून एआयने कॅन्सर ओळखायचं काम करणार म्हणते. ह्यांचं म्हणणं, निदान मशीनच करणार असेल तर डॉक्टर कशाला व्हायचं? बायोलॉजी सोडून सरळ कॉम्प्युटरला जाऊ दे. काय करावं?

उत्तर: ताई, बायोलॉजी मुळीच सोडू देऊ नका. का, ते आजोबांच्या रिपोर्टवरूनच सांगते.

बायोप्सीत सुईने काढलेले ऊतींचे बारीक तुकडे काचेवर घेऊन रंगवतात. पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे ऊती तपासून निदान करणारे डॉक्टर, त्यातल्या ग्रंथींची रचना किती बिघडलीय ते पाहून ग्लीसन स्कोअर देतात: कॅन्सर किती आक्रमक आहे ते सांगणारी दोन आकड्यांची बेरीज. 3+4 आणि 4+3, दोन्हींची बेरीज 7च. पण पहिला आकडा जास्त दिसणाऱ्या रचनेचा असतो, म्हणून 4+3 अधिक गंभीर. हा फरक ठरवताना अनुभवी पॅथॉलॉजिस्टांचंही अनेकदा एकमत होत नाही, आणि उपचार तर त्यावर अवलंबून. मग मशीनला बरोबर उत्तर शिकवणार कोण? कोणाचं मत प्रमाण धरायचं? माझ्या मते या क्षेत्राचा सगळा कस इथे लागतो, आणि नुसतं कोडिंग येणाऱ्याला तो प्रश्न दिसतही नाही.

एआयचं यश खरंच मोठं आहे. 2020 साली स्वीडनमधली कॅरोलिन्स्का आणि नेदरलँड्समधली रॅडबाउड या संस्थांनी दहा हजारांवर बायोप्सींची चित्रं जगभरच्या स्पर्धकांपुढे ठेवून ग्लीसन श्रेणी ओळखणारे अल्गोरिदम मागवले. निवडक अल्गोरिदम तज्ज्ञांच्या तोडीचे ठरले. 2021मध्ये औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मंजुरी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने 'पेज प्रोस्टेट' या सॉफ्टवेअरला परवानगी दिली, तीही मदतनीस म्हणून: ते संशयास्पद जागा दाखवतं, निदान पॅथॉलॉजिस्टच करतात. शिवाय प्रत्येक लॅबचा रंग वेगळा, स्कॅनर वेगळा. एका ठिकाणी हुशार ठरलेलं सॉफ्टवेअर दुसरीकडे चुकू शकतं. ते आपल्याकडच्या स्लाइडवर तपासून घ्यायला दोन्ही बाजू कळणारी माणसं लागतील. तुमच्या मुलीला तिथे जागा आहे, असं मला मनापासून वाटतं.

वाट डॉक्टरकीची धरली तर आधी 'नीट' ही प्रवेश परीक्षा, मग साडेचार वर्षं एमबीबीएस, वर्षभर इंटर्नशिप आणि पुढे तीन वर्षं एमडी पॅथॉलॉजी. लांब आहे, हे मुलीच्या वडिलांना आधीच सांगा. इंजिनीअरिंगसाठी फर्मागुढीचं गोवा इंजिनीअरिंग कॉलेज आणि कुंकळ्ळीचं एनआयटी गोव्यातच आहेत. तिसरा पर्याय फार कमी पालकांना माहीत असतो: आयआयटी मद्रासने 2023मध्ये मेडिकल सायन्स आणि इंजिनीअरिंग एकत्र शिकवणारा चार वर्षांचा बीएस कोर्स सुरू केला. प्रवेश आयसर या केंद्राच्या विज्ञान संस्थांच्या आयएटी परीक्षेतून, आणि त्यात फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, बायोलॉजी चारही विषय येतात. आज बायोलॉजी सोडली तर नीटची वाट अवघड होईल आणि इथेही ती मागे पडेल.

तोवर सुट्टीत तिला पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा थोडी शिकू दे. वर सांगितलेल्या स्पर्धेची चित्रं कॅगल या डेटा स्पर्धांच्या वेबसाइटवर आहेत, ती मोठी करून बघू दे. ग्रंथी अशा का मोडल्या, याचाच विचार तिच्या डोक्यात घोळत राहिला तर नीटच्या तयारीला जोर द्या. चित्रातून कॉम्प्युटर नेमकं काय उचलतो, यात ती रमली तर इंजिनीअरिंगच्या प्रवेश परीक्षेच्या, जेईईच्या. आयएटीचा फॉर्म मात्र दोन्ही परिस्थितींत भरा.