राणी दिसत नाही? आधी अंडी बघा

या अंकासाठी निवडलेले बहुतेक प्रश्न राणीमाशीबद्दलचे आहेत. खाली दिलेले दिवसांचे आकडे युरोपियन मधमाशीचे आहेत. सातेरीत (आपल्या देशी मधमाशीत) ते एखाद-दोन दिवसांनी कमी भरतात.

प्रश्न : लागोपाठ दोन तपासण्यांत पेटीत राणी दिसली नाही. दुसरी राणी आणून सोडू का?

थांबा. भरलेल्या पेटीत हजारो माश्यांमधून एक माशी शोधून काढणे अनुभवी माणसालाही प्रत्येक वेळी जमत नाही, आणि त्याची गरजही नसते. पोळे असलेली एक चौकट उचला, सूर्य पाठीमागे घ्या आणि पोळ्यातल्या घरांच्या तळाशी नजर टाका. अंडे पहिल्या दिवशी तळाला टेकून सरळ उभे असते, दुसऱ्या दिवशी कलते आणि तिसऱ्या दिवशी आडवे होते. मग त्यातून अळी निघते. म्हणजे एका घरात एकच, तळाशी चिकटलेले अंडे दिसले, तर गेल्या तीन दिवसांत राणी तिथे होती. उभे अंडे दिसले तर ती आजची गोष्ट. पेटी झाका आणि निश्चिंत व्हा.

अंडी नाहीत पण उघड्या अळ्या आहेत, तर राणी जाऊन तीन ते नऊ दिवस झाले असावेत. फक्त मेणाने झाकलेला पिलावा (घरांत वाढणारी पिल्ले) उरला असेल तर नऊ दिवस उलटले. कामकरी माशी अंड्यापासून २१ दिवसांत बाहेर पडते, त्यामुळे तीन आठवड्यांनी पेटी पिलाव्याने पूर्ण रिकामी होते. नेमकी इथेच गडबड होते. राणी अचानक गेली तर माश्या कोवळ्या अळीपासून नवी राणी घडवतात. ती साधारण बाराव्या-तेराव्या दिवशी बाहेर येते, पाच-सहा दिवसांत वयात येते, हवा चांगली असेल तर उडून नरांशी मिलन करते आणि आणखी दोन-तीन दिवसांनी अंडी घालू लागते. एवढ्यात तीन-चार आठवडे जातात. म्हणजे पेटीत काहीच दिसत नाही, तेव्हाच आत नवी राणी फिरत असण्याची शक्यता सर्वात जास्त. ती चपळ असते, पोट अजून भरलेले नसते, पटकन ओळखू येत नाही. अशा पेटीत बाहेरची राणी सोडली तर ती मारलीच जाते.

खात्री हवी असेल तर दुसऱ्या निरोगी वसाहतीतली अंडी आणि अगदी लहान अळ्या असलेली एक चौकट, माश्या झाडून, मधोमध लावा. चार दिवसांनी बघा. तिच्यावर राणीघरे (राणी वाढवण्याची लांबट घरे) सुरू झाली असतील तर राणी नाही. नसतील तर कोणीतरी आत आहे. आठवडाभर हात लावू नका.

प्रश्न : राणीघरे दिसली की मी सगळी मोडतो. तरीही थवा निघून गेला आणि आता पेटीत अंडीही नाहीत. असे का?

कारण राणीघरे मोडल्याने माश्यांचा थव्याने बाहेर पडण्याचा बेत बदलत नाही, फक्त पुढे जातो. जुनी राणी बहुधा पहिले राणीघर झाकले की थव्यासह निघते. अंडे घातल्यापासून हा साधारण आठवा दिवस. तुम्ही घरे मोडली की माश्या तयार असलेली एक-दोन दिवसांची अळी घेऊन नवे राणीघर उभारतात आणि ते चार-पाच दिवसांत झाकले जाते. सात दिवसांनी तुम्ही परत येता तेव्हा थवा गेलेला असतो. शिवाय चौकटीवर माश्यांचा थर असताना एखादे घर हमखास नजरेतून सुटते. माश्या झाडल्याशिवाय सगळी राणीघरे दिसत नाहीत.

सर्वात वाईट गोष्ट वेगळीच आहे. थवा आधीच निघून गेलेला असताना घरे मोडली, तर वसाहतीचा वारसच तुम्ही संपवता. मोडण्याआधी अंडी आहेत का बघा. अंडी नसतील तर एकही राणीघर मोडू नका. तुमच्या पेटीला आता वर सांगितलेली अंडी-अळ्यांची परीक्षा-चौकट द्या.

राणीघरे कुठे आहेत हेही वाचता आले पाहिजे. पोळ्याच्या खालच्या आणि बाजूच्या कडांना अनेक, वेगवेगळ्या वयाची घरे लोंबत असतील तर फुटायची, म्हणजे थवा निघण्याची, तयारी. पोळ्याच्या मध्यभागी एक-दोन-तीनच असतील तर माश्या म्हाताऱ्या राणीची जागा भरत आहेत. त्यात ढवळाढवळ करू नये. कामकरी घरांतूनच वळवून काढलेली, पोळ्याच्या पृष्ठभागावर विखुरलेली घरे म्हणजे राणी अचानक गेल्याची खूण. राणीघराच्या नुसत्या रिकाम्या वाट्या दिसल्या तर काळजी नको, त्या वर्षभर असतात.

फुटायची तयारी असेल तर उपाय विभाजनाचा. राणी शोधा (इथे मात्र शोधावीच लागते) आणि ती ज्या चौकटीवर आहे ती चौकट, एकही राणीघर नाही हे पाहून, छोट्या पेटीत ठेवा. सोबत मध-परागाची एक चौकट, एक रिकामे पोळे आणि आणखी दोन पिलाव्याच्या चौकटींवरच्या माश्या झाडून घाला. हा जास्तीचा भरणा आवश्यक आहे, कारण पेटी त्याच आवारात राहिली तर मकरंद आणणाऱ्या माश्या जुन्या जागी परततात आणि नव्या पेटीत पिल्ले सांभाळायला कोणी उरत नाही.

जुन्या पेटीत एकच राणीघर राखा. झाकलेले घेऊ नका, आत जिवंत काही आहे की नाही कळत नाही. उघडे, पांढऱ्या रॉयल जेलीत अळी दिसणारे निवडा, चौकटीच्या वरच्या पट्टीवर टाचणीने खूण करा, बाकी काढून टाका. ती चौकट झटकू नका, उलटी करू नका. माश्या पिसाने बाजूला सारा. सात दिवसांनी परत उघडून मधल्या काळात माश्यांनी बांधलेली नवी राणीघरे मोडा. आता पेटीत राणी घडवण्याजोगी कोवळी अळी उरलेली नसते, म्हणून ही दुसरी फेरी निर्णायक. त्यानंतर तीन आठवडे पेटी बंद.

प्रश्न : विकत आणलेली राणी माश्यांनी दोन वेळा मारली. पिंजऱ्यातूनच सोडली होती.

पिंजरा वापरला हे ठीक, पण तीन गोष्टी तपासा. आत दुसरी राणी किंवा राणीघर होते का? पिंजरा कुठे ठेवला होता? आणि किती दिवसांनी सुटका झाली?

जुनी राणी काढल्यावर साधारण एक दिवस जाऊ द्या. पिंजऱ्याच्या तोंडाशी पिठीसाखर आणि घट्ट साखरपाक मळून केलेला गोळा भरा. तो हाताला चिकटणार नाही इतका घट्ट हवा. सैल झाला तर पाझरून राणी माखते आणि मरते. बाजारच्या पिठीसाखरेत स्टार्च नाही ना, बघून घ्या. गोळ्यासाठी अनोळखी मध नको, त्यातून पिलाव्याचे रोग येतात. पिंजरा उघड्या पिलाव्याच्या दोन चौकटींमध्ये, जाळी माश्यांना पोचेल अशी ठेवून अडकवा.

तीन दिवस गोळ्याचे तोंड बंदच ठेवा. मग जाळीवरच्या माश्यांवरून बोट फिरवा. सहज बाजूला होत असतील, सोंड आत घालून राणीला भरवत असतील, तर तोंड उघडा. जाळीला दात रोवून घट्ट बसल्या असतील, बोटाने हलत नसतील, तर राणी स्वीकारलेली नाही. पुन्हा राणीघरे शोधा. सुटका झाल्यावर आठवडाभर पेटी उघडू नका. लवकर उघडली की घाबरलेल्या माश्या राणीभोवती घट्ट गोळा होऊन तिलाच मारतात.

प्रश्न : एका घरात तीन-चार अंडी आहेत. राणी फार जोमाची आहे का?

बहुधा राणीच नाही. अंडी घराच्या भिंतींना चिकटलेली असतील तर ती कामकरी माश्यांनी घातलेली; त्यांचे पोट तळापर्यंत पोचत नाही. ही अंडी फलित नसल्याने त्यांतून नरच निघतात आणि कामकरी घरांवर फुगीर, गोळीसारखी झाकणे दिसतात. नवी राणीही सुरुवातीचे काही दिवस एका घरात दोन-तीन अंडी घालते, पण तळाशी. तिच्या पिलाव्याची झाकणे सपाट येतात.

अशा वसाहतीत राणी सोडणे म्हणजे ती वाया घालवणे. कामकरी माश्यांचे अंडाशय उघड्या पिलाव्याच्या गंधाने दबून राहतात, म्हणून आठवड्याला एक उघड्या पिलाव्याची चौकट, अशा तीन चौकटी द्या. माश्या राणीघर बांधायला लागल्या की वसाहत सुधारली. माश्या दोन-तीन चौकटींवरच उरल्या असतील तर मात्र पिलावा खर्चू नका. त्या भरभक्कम वसाहतींसमोर झाडून द्या आणि रिकामी पेटी उचला. ‘दूर नेऊन झाडल्या की अंडी घालणाऱ्या परत येत नाहीत’ हे खरे नाही. त्या उडतात आणि परततात. सातेरीत ही अवस्था फार लवकर येते, तिथे राणी गेल्याचे कळताच हालचाल करा.

प्रश्न : राणीवर कोणत्या रंगाचा ठिपका लावावा?

वर्षाच्या शेवटच्या अंकावरून: १ किंवा ६ पांढरा, २ किंवा ७ पिवळा, ३ किंवा ८ लाल, ४ किंवा ९ हिरवा, ५ किंवा ० निळा. २०२६ च्या राणीला पांढरा. ठिपका फक्त पाठीच्या मध्यावर, पंखांच्या सांध्यांना रंग लागू न देता. सुकेपर्यंत मिनिटभर धरून ठेवा. नवशिक्यांनी आधी नर माश्यांवर हात बसवावा, त्यांना नांगी नसते.

प्रश्न : पिलावा विरळ, भोके पडल्यासारखा दिसतो. राणी बदलू?

झाकलेल्या पिलाव्यातली शंभर घरे मोजा. दहा-पंधरा रिकामी असणे चालते. त्याहून बरीच जास्त असतील तर आधी रोग वगळा. खचलेली, भोक पडलेली झाकणे असतील तर आत काडी घाला. तपकिरी तार ओढली गेली तर तो राणीचा दोष नाही, फाउलब्रूडचा (अळ्या कुजवणाऱ्या रोगाचा) संशय आहे. पेटी वेगळी करा, तिच्या चौकटी दुसरीकडे फिरवू नका आणि जाणकाराला दाखवा. रोग नसेल आणि पराग-मध पुरेसा असेल तर राणी थकली आहे किंवा तिचे मिलन जवळच्या नात्यातल्या नरांशी झाले आहे. अशा नात्यातल्या मिलनात निम्म्या अंड्यांपर्यंत द्विगुणित (गुणसूत्रांचे दोन संच असलेले) नर निपजतात आणि माश्या त्या अळ्या खाऊन टाकतात. अशी राणी बदला, आणि नवी राणी शक्यतो वेगळ्या वसाहतीच्या वंशातली घ्या.