डिन वाढवू का, ताई?

(स्की, बूट आणि बूट स्कीला धरून ठेवणारं बाइंडिंग यांविषयी वाचकांचे प्रश्न. उत्तरं देणाऱ्या ताई १९ वर्षं स्कीच्या वर्कशॉपमध्ये बाइंडिंग बसवण्याचं आणि तपासण्याचं काम करतात.)

प्रश्न : ताई, दोन सीझनपूर्वी हायब्रिड टूरिंग बाइंडिंग बसवून घेतलं. म्हटलं, त्याच स्कीवर स्किन (मागे घसरू न देणारी, तळाला लावायची पट्टी) लावून डोंगर चढू आणि त्याच स्कीवर लिफ्टनेही फिरू. प्रत्यक्षात चढलो तीनदा. बाकीचे साठेक दिवस रिसॉर्टवरच गेले. यंदा कडक पिस्टवर (स्कीसाठी तयार केलेल्या उतारावर) उजवी स्की उगाचच सुटते. पडताना नाही, चांगला उभा असताना! डिन (बाइंडिंग किती जोराला सुटेल तो आकडा) ८ होता. सोबतच्या मित्राने खिशातून स्क्रूड्रायव्हर काढून ९.५ केला. दोन दिवस बरं चाललं, मग पुन्हा तेच. आता तो म्हणतो, ११ कर आणि विसरून जा. करू का? की हे बाइंडिंगच भंगार आहे?
– वैतागलेला

उत्तर : करू नका. आणि हे उत्तर पुढे वाचायच्या आधी ९.५ वरून परत ८ वर या. मी थांबते.

आलात? बरं. तुम्ही कंपनीचं नाव कळवलं होतं, ते मी गाळलंय. अगदी हीच तक्रार माझ्याकडे वेगवेगळ्या कंपन्यांच्या बाइंडिंगबद्दल येते आणि त्यातल्या बहुतेकांत बाइंडिंग निर्दोष निघतं.

डिन म्हणजे ‘किती घट्ट धरू’ असं विचारणारं बटण नव्हे. तुमचं वजन, उंची, वय, बुटाच्या सोलची लांबी आणि तुम्ही सावध स्की करता की आडदांड, या पाच गोष्टींवरून तो आकडा तक्त्यात मिळतो. पन्नाशी गाठली की तोच तक्ता एक पायरी खाली उतरायला सांगतो. हा सगळा हिशोब नडगीच्या हाडाला किती पीळ सोसेल याचा आहे. मित्राने स्क्रू फिरवला म्हणून तुमची नडगी काही जाड झाली नाही. स्की सुटतेय ती पंजाकडच्या गडबडीने आणि उपाय चाललाय स्प्रिंगवर. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

मग गडबड कुठे आहे? मागच्या महिन्यात तुमच्यासारखीच एक जोडी टेबलावर आली. मालकाचं म्हणणंही शब्दशः तुमचंच. मी बूट बाइंडिंगमध्ये बसवला, टाच खाली दाबली, खट्ट आवाज आला, सगळं ठाकठीक. मग बुटाचं नाक दोन बोटांत धरून वरखाली हलवलं. टक, टक, टक. दरवाजाची कडी सैल झाल्यावर जसा आवाज येतो, तसा. बुटाचा पंजा आणि त्याखालची सरकपट्टी यांच्यामध्ये पोस्टकार्ड सहज आरपार जाईल एवढी फट होती.

ही सरकपट्टी, जिला आम्ही एएफडी म्हणतो, तीच हायब्रिडची खरी नस आहे. पडताना बूट आडवा निसटायचा असतो आणि निसटताना त्याचा पंजा या पट्टीवरून घसरतो. पट्टी फार वर असली तर बूट तिच्यावर दाबला जातो, घर्षण वाढतं आणि सुटायच्या वेळी स्की सुटत नाही. फार खाली असली तर पंजा आत डुलतो. कडक बर्फावर दर सेकंदाला बसणारे हादरे तो गिळत नाही, उलट वाढवून पुढे देतो. मग एका हादऱ्याला बाइंडिंगला वाटतं, मालक पडला. आणि ते सोडून देतं.

साध्या अल्पाइन, म्हणजे फक्त उतरायच्या, बाइंडिंगमध्ये हा ताप सहसा नसतो, कारण अल्पाइन बुटाचा सोल आयएसओ ५३५५ या मानकाने बांधलेला असतो. पंजाची जाडी १९ मिलिमीटर, टाचेची ३०, इकडेतिकडे एक. सोल कडक आणि सपाट. टूरिंग बुटाचं मानक वेगळं, आयएसओ ९५२३. तिथे सोल रबराचा, खाली खाचा, पुढून होडीसारखा वर वळलेला आणि जाडी प्रत्येक बुटाची निराळी. दोन्ही जातींचे बूट एकाच बाइंडिंगला चालवायचे, तर पट्टीची उंची बदलता येणं भागच आहे. जी गोष्ट बदलता येते, ती बिघडवताही येते.

इथे थोडं मागे जाते. ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ बार्थेलने १९८०च्या दशकात पिन बाइंडिंग शोधून काढलं. बुटाच्या नाकाला दोन बाजूंनी दोन खळगे, त्यांत बसणाऱ्या दोन पिना, संपलं. चढायला पिसासारखं हलकं, पण रिसॉर्टच्या धक्क्यांसाठी ते बांधलेलंच नव्हतं. दुसरी कल्पना अख्खं अल्पाइन बाइंडिंग चौकटीवर ठेवून टाचेसकट उचलायची. ते मजबूत खरं, पण प्रत्येक पावलाला ती चौकट उचलताना पाय रडायचे. २०१८ मध्ये सॅलोमन आणि ॲटॉमिक या कंपन्यांचं शिफ्ट नावाचं हायब्रिड दुकानात आलं. चढताना पुढे पिना बाहेर येतात, उतरताना त्या आत जातात आणि पूर्ण अल्पाइन पंजा, म्हणजे बाइंडिंगचा पुढचा भाग, बूट धरतो. वजन एका पायाला ८८५ ग्रॅमच्या आसपास. मार्कर कंपनीने ड्यूक पीटी या हायब्रिडमध्ये चढताना पंजाचा एक भाग काढून पिशवीतच टाकायची सोय केली. डोकं लावलंय लोकांनी, यात वाद नाही. पण या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे : जिथे अल्पाइन बाइंडिंगमध्ये एक ठोकळा असतो, तिथे यांच्यात बिजागरी, खटके आणि सरकणारे भाग आहेत.

आता तुमच्या उजव्या स्कीकडे. बूट बाइंडिंगमध्ये लावा आणि जाडसर कागदाची पट्टी पंजाखालून ओढून बघा. थोडी अडत, पण न फाटता निघायला हवी. सहज निघाली तर फट जास्त, निघालीच नाही तर कमी. नेमकं माप तुमच्या बाइंडिंगच्या पुस्तिकेत असेल, तेच धरा. मग डाव्या बुटानेही हेच करा, कारण दोन्ही बुटांची झीज सारखी नसते. बूट उलटे करून सोल बघा. पार्किंगपासून लिफ्टपर्यंत डांबरावरून बूट घालून रोज चालत जाता ना? साठ दिवसांत पंजाचं रबर गोल झालेलं दिसेल. जितकं रबर गेलं तितकी फट वाढली. बाइंडिंग बसवलं त्या दिवशीचं माप आज खरं राहिलेलं नाही. मला विचाराल तर तुमचा खरा गुन्हेगार हाच आहे.

आणखी एक बघाच, ते म्हणजे फॉरवर्ड प्रेशर. टाचेचा भाग बुटाला पुढे किती रेटतो, ते दाखवणारी खूण बाइंडिंगच्या मागच्या बाजूला असते. ती ठरलेल्या जागी नसेल तर पंजा कितीही नीट असला तरी उपयोग नाही. मधल्या काळात बूट बदलला असेल आणि कुणाला दाखवला नसेल, तर हे हमखास बिघडलेलं असतं.

बर्फही विसरू नका. सोलच्या खाचांत दाबून बसलेला बर्फ खोटी जाडी तयार करतो. लोक बूट दोनदा आपटतात आणि समाधानाने पाय घुसवतात. स्की-पोलच्या टोकाने खरवडा, मग बाइंडिंगच्या काठावर सोल घासा, मग पाय घाला. चढून आल्यावर पंजाच्या खटक्याखालीही बर्फ साठतो. तो न काढता खटका ढकलला, तर पंजा उतरायच्या स्थितीत पूर्ण बसत नाही. वरून दिसतं बसल्यासारखं.

यात मीही शहाणी नव्हते. हायब्रिड वापरायला लागले त्या पहिल्याच वर्षी, चढ संपल्यावर गप्पांच्या नादात चढताना मोकळी ठेवलेली टाच न अडकवता निघाले. उतार नव्हताच म्हणा, जेमतेम कललेला रस्ता. पहिल्या वळणाला टाच हवेत आणि मी तोंडावर. त्यात वॉक मोडमध्ये, म्हणजे चढायच्या स्थितीत, स्कीचा ब्रेक वर अडकवलेला असतो. त्यामुळे निसटलेली स्की थांबली नाही. झाडापर्यंत गेली. वाटेत कुणी नव्हतं, हे माझं नशीब. दुसऱ्यांच्या स्की दुरुस्त करणारी बाई आपली स्की आणायला मांडीएवढ्या बर्फातून वीस मिनिटं चालत होती.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर : बाइंडिंग भंगार नाही, पण तुमच्या कामाचं आहे का, हे विचारा. तीन दिवस चढ आणि साठ दिवस लिफ्ट. हायब्रिडच्या जाहिरातीत ‘एकच बाइंडिंग, सगळीकडे’ असं लिहिलेलं असतं. ते खोटं नाही. ते अल्पाइन मानकाला, आयएसओ ९४६२ ला, उतरू शकतं. पण मानकाला उतरणं वेगळं आणि रोज मोगलवर (उतारावरच्या बर्फाच्या उंचवट्यांवर) आपटून घेणं वेगळं. वजन वाचवायला प्लास्टिक वापरलंय, सांधे जास्त आहेत, तपासणी जास्त लागते. अल्पाइन बाइंडिंग वर्षातून एकदा तपासलं तरी फारसं कुरकुरत नाही. हायब्रिड रिसॉर्टवर रोज वापरायचं, तर रोज सकाळी कागदाची पट्टी ओढून बघायची तयारी हवी. तुमची ती तयारी दिसत नाही. (राग नको, साठ दिवसांत एकदाही सोल उलटा करून पाहिला नाहीत.) लिफ्टच्या स्कीला साधं अल्पाइन बाइंडिंग लावा आणि हे हायब्रिड चढायच्या स्कीवर हलवा.

तोवर दोन्ही स्की वर्कशॉपमध्ये न्या आणि बूट सोबत न्या. मशीनवर लावून प्रत्यक्ष किती जोराला सुटते ते मोजून मागा. स्केलवर ८ लिहिलंय म्हणजे सुटका ८ लाच होते असं नाही, विशेषतः दोन सीझन कारच्या टपावर चिखल आणि मिठाचं पाणी खाल्लेल्या बाइंडिंगची. आणि मित्राचा स्क्रूड्रायव्हर त्याच्याच खिशात राहू दे.

प्रश्न : ताई, माझं साधं पिन बाइंडिंग आहे. रिसॉर्टवर वेगात उतरताना भरवसा वाटत नाही म्हणून मी पुढचा खटका लॉक करून उतरते. अनुभवी लोकही असंच करतात ना?
– एक वाचक

उत्तर : करतात. कुठे करतात ते बघा. जिथे स्की सुटली तर खाली कडा आहे, तिथे. तिथे पाय मोडणं परवडतं, स्की सुटणं परवडत नाही. रिसॉर्टच्या पिस्टवर हिशोब उलटा आहे. पुढचा खटका लॉक केला की पिना उघडू शकत नाहीत आणि बूट आडवा निसटायचा मार्ग जवळजवळ बंद होतो. पीळ सगळा पायात. भरवसा वाटत नसेल तर तो बाइंडिंगने तुम्हाला दिलेला सल्ला समजा आणि लिफ्टवर दुसरी स्की न्या. हिमस्खलनाच्या भागात चढतानाही बरेच जण खटका लॉक ठेवतात. बर्फाने ओढलं तर ती स्की नांगरासारखी पाय धरून ठेवते.

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाची हायब्रिडवाली स्की मी एक दिवस नेली. आमच्या दोघांच्या बुटांवर ३०५ मिलिमीटर असंच छापलंय, त्यामुळे काही बदललं नाही. काही झालं नाही, पण आई रागावली. कोण बरोबर?
– थोरली

उत्तर : आई. ३०५ ही सोलची लांबी झाली. जाडी कुणी पाहिली? तुझा बूट साधा अल्पाइन आणि त्याचा ग्रिपवॉक (चालायला सोप्या रबरी सोलचा) असेल, तर पट्टीची उंची तुझ्यासाठी चुकलेलीच आहे. बुटाच्या बाजूला किंवा टाचेजवळ कोणतं मानक छापलंय ते वाच : ५३५५, ९५२३ की ग्रिपवॉकचं २३२२३. शिवाय डिन त्याच्या वजनाचा, तुझ्या नव्हे. धाकटा तुझ्याहून पंधरा किलोने जड असेल, तर त्याची स्की तुझा गुडघा मुरगळेपर्यंत तुला सोडणार नाही. तसंही गुडघ्याचे लिगामेंट वाचवायची हमी कुठलंच बाइंडिंग नीटशी देत नाही, ते मुळात नडगीसाठी बनलंय.

आणखी एक. तुझ्या बुटाच्या नाकाला धातूचे खळगे नसतील, तर त्या स्कीवर तू उतरू शकशील, पण चढू शकणार नाहीस. पिना बसतील कशात? भावाला विचारून स्की नेलीस की न विचारता, ते तू लिहिलं नाहीस. आई बहुधा त्यावरच रागावली असेल.