धुऱ्यावरचं यंत्र आणि फौजेची चौकी

चि. बेटा,

अनेक आशीर्वाद. तुझी मेल वाचली, व्हिडिओही पाहिला. वावराच्या धुऱ्यात, म्हणजे बांधात, पुरलेला सेन्सर डुकराची आणि माणसाची चाल वेगळी ओळखतो, हे मनापासून आवडलं. ऐन थंडीत तुझ्या बाबांची जागल वाचली असेल तर तेवढ्यावरच तुझ्या इंजिनिअरिंगची फी वसूल झाली म्हण. आता हेच यंत्र सीमेवरच्या चौक्यांना आणि दारूगोळ्याच्या डेपोंना द्यायचं म्हणतेस. जरूर दे. पण 'रिसर्च झाला, आता योग्य माणसाला दाखवायचं तेवढं राहिलं' असं जे लिहिलंस, ते आधी खोडून टाक. तुझ्या हातात एक यंत्र चालतं. फौजेला हजार लागतील, आणि ती अनोळखी हातांत, अनोळखी जमिनीत चालायला हवीत. ते काम अजून सुरूच झालेलं नाही, आणि सगळ्यात जास्त वर्षं तेच खातं.

लांब कशाला, नागपूरचंच बघ. आपल्या फौजेकडे ३६ नंबरचा ग्रेनेड होता, पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या बनावटीचा. त्याच्या जागी डीआरडीओ या सरकारी संरक्षण संशोधन संस्थेच्या चंडीगडच्या प्रयोगशाळेनं, टीबीआरएलनं, नवा ग्रेनेड तयार केला. तुकडे उडवणारं कवच चढवलं की तो आडोशामागून फेकायचा, कवच काढलं की चढाई करताना वापरायचा. त्याचं तंत्रज्ञान नागपूरच्या इकॉनॉमिक एक्स्प्लोझिव्हज या खासगी कंपनीला २०१६ मध्ये मिळालं. म्हणजे तुझ्या हिशेबानं रिसर्च झालेला होता. त्यानंतर २०१७-१८ मध्ये मैदानात, वाळवंटात आणि उंच पहाडात, उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात चाचण्या झाल्या. १० लाख नगांचा करार ऑक्टोबर २०२० मध्ये झाला, घाऊक उत्पादनाला हिरवा कंदील मार्च २०२१ मध्ये मिळाला, आणि पहिला लॉट ऑगस्ट २०२१ मध्ये नागपुरात फौजेच्या हवाली झाला. मुठीत मावणारी वस्तू, आत ना सॉफ्टवेअर ना बॅटरी, तरी पाच वर्षं.

एवढा वेळ कशात जातो, हे बाहेरच्याला दिसत नाही. मी नोकरीभर दारूगोळ्याच्या तपासणीत होतो म्हणून सांगतो. ग्रेनेडची पिन काढली, लिव्हर सुटला, की आत विलंबाचा मसाला जळत जातो आणि मग स्फोट होतो. हा मसाला थंडीत हळू जळतो आणि गरमीत भरभर. लवकर फुटला तर फेकणाऱ्याचा जीव जातो. उशीर झाला तर समोरचा तोच उचलून परत फेकतो. म्हणून प्रत्येक लॉटमधून नमुने काढायचे, काही तापवायचे, काही गारठवायचे, मग फोडून वेळ मोजायची. नमुने नापास झाले की अख्खा लॉट अडकतो आणि कारणांचा शोध सुरू होतो. मसाल्याला ओल लागली का? प्रेसचा दाब कमी पडला का? पुरवठादार बदलला का? की पाळी बदलली आणि हात बदलला? प्रयोगशाळेत शास्त्रज्ञानं जो मसाला स्वतः तोलून भरला, तोच कारखान्यात रात्रपाळीचा कामगार भरणार असतो. त्याच्या हातूनही तो तस्साच भरला जावा, अशी व्यवस्था उभी करायला वर्षं लागतात. या कामावर पेपर छापून येत नाहीत, म्हणून कॉलेजात ते कोणी शिकवतही नाही.

तुझ्या सेन्सरच्या बाबतीत ही भानगड जमिनीची आहे. तू चाचणी घेतलीस ती आपल्या काळ्या मातीत, तीही तुरीला शेंगा लागल्या तेव्हा, म्हणजे खाली ओल होती. मे महिन्यात त्याच धुऱ्यावर जा. हात घुसेल एवढ्या भेगा असतात. सेन्सरच्या खुंटीभोवतीची माती सुटते, आणि पावलाचा हादरा खुंटीपर्यंत नीट पोचत नाही. पावसाळ्यात तीच माती फुगते आणि खुंटी तिरपी करते. तू वापरलेला जिओफोन, म्हणजे जमिनीचा हादरा टिपणारा सेन्सर, सरळ उभाच बसवावा लागतो हे तुला माहीत आहे. कोरड्या वाळूत हादरा लवकर विरतो. गोठलेल्या जमिनीत तो लांबूनही येतो, म्हणजे वाऱ्यानं हलणारा तारेचा खांबसुद्धा तुझ्या यंत्राला माणूस वाटू शकतो. लडाखला जायची घाई नको. आधी वैनगंगेच्या रेतीत लाव, मग एखाद्या मुरमाड टेकाडावर. चंद्रपूरच्या उन्हात तुझा प्लास्टिकचा डबा दिवसभर ठेव आणि आत किती तापतं ते थर्मामीटर घालून बघ. प्रत्येक ठिकाणची वही ठेव: तारीख, माती, ओल, वारा, किती वेळा वाजलं, किती वेळा उगाच वाजलं.

हे 'उगाच'चं खातं तुझ्या मेलमध्ये कुठेच नाही. ओळखण्याचा टक्का मात्र ठळक अक्षरात आहे. रात्रीतून चार वेळा खोटा गजर झाला तर तुझे बाबा शिवी हासडतात आणि सकाळी तुला सांगतात. चौकीवरचा जवान सांगत बसणार नाही, तो वायर काढून ठेवील. वर कागद जाईल 'उपकरण ठीक', आणि दोन वर्षांनी ते स्टोअरमध्ये धूळ खात पडलेलं असेल. त्यामुळे अधिकारी विचारतील ते दोन प्रश्न आजच लिहून ठेव. चोवीस तासांत किती वेळा उगाच वाजतं? आणि वाजल्यावर माझ्या माणसानं नेमकं काय करायचं?

दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे. विमानावरून रेडिओलहरी परततात, हे इंग्रजांनी फेब्रुवारी १९३५ मध्ये डॅव्हेंट्रीजवळ करून दाखवलं. रडारची साखळी पुरी व्हायच्या आधीच, १९३६ मध्ये, बिगिन हिलच्या विमानतळावर त्यांनी वेगळाच सराव सुरू केला: शत्रू कुठे आहे हे जमिनीवर कळलं, तर ते वैमानिकाला किती वेळात, कोणत्या शब्दांत सांगायचं? त्यातून टेलिफोनच्या लाइनी, नकाशाचं टेबल, त्यावर खुणा सरकवणारी माणसं, हुकूम देणारा एकच अधिकारी असं सगळं बसवत नेलं. जर्मनांचं रडार यंत्र म्हणून काही कमी नव्हतं, पण १९४० मध्ये अशी घडी त्यांच्याकडे नव्हती. इंग्रजांचे रडारवाले वॉटसन-वॉट म्हणत की गुणानं तिसऱ्या क्रमांकाचं यंत्र आत्ता द्या. दुसऱ्याला उशीर होतो आणि पहिलं कधी येतच नाही. आजकाल अर्धकच्चा माल खपवायला लोक हे वाक्य वापरतात. मला तो अर्थ पटत नाही. पल्ला कमी असला तरी चालेल, पण जेवढा सांगितला तेवढा रोज मिळाला पाहिजे. आपल्याकडे जुगाडाचं जे कौतुक चालतं ते वावरापुरतं ठीक आहे.

सरकारी वाटेबद्दल थोडक्यात. आर्मी डिझाइन ब्युरो २०१६ पासून आहे. फौजेच्या अडचणींचं संकलन ते छापतात, ते आधी वाच. २०१८ पासून आयडेक्स ही संरक्षण खात्याची नव्या कंपन्यांसाठीची योजना आहे, तिच्या मूळ प्रकारात स्टार्टअपला दीड कोटीपर्यंत अनुदान मिळतं, पण टप्प्याटप्प्यानं, आणि आपलाही वाटा घालावा लागतो. मागणी काय आहे ते लेखी घे. अर्जुन रणगाड्याला १९७४ मध्ये मंजुरी मिळाली आणि तो फौजेत आला २००४ मध्ये. कारणं बरीच होती, पण अधेमधे बदलत गेलेल्या अपेक्षा हे त्यातलं मोठं कारण. चाचणीचं बोलावणं आलं की 'नो कॉस्ट नो कमिटमेंट' हे शब्द दिसतील. म्हणजे सगळा खर्च तुझा आणि खरेदीची हमी कोणाचीच नाही. तिथं राहणं, नेणं-आणणं, सुटे भाग सगळं पदरचं. त्यासाठी बाबांचं वावर गहाण पडता कामा नये, हे मी तुला बजावून सांगतो. तोवर शेतकऱ्यांना विकत राहा. जनावरं अडवायला कुंपणाला झटका मशीन लावणारा माणूस तुझं यंत्रही घेईल, कंपनी तग धरेल, आणि प्रत्येक धुऱ्यावरून तुला नवा डेटा मिळेल.

आणखी एक गोष्ट नवीन लोक हमखास विसरतात. फौजेत वस्तू वापरली जाते कमी आणि पडून राहते जास्त. पुलगावच्या दारूगोळ्याच्या डेपोत ३०-३१ मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर आग लागून स्फोट झाले, ते तुझ्या गावानं पाहिलंय, मी नव्यानं सांगायला नको. साठवलेली वस्तू दरवर्षी बदलत असते. तुझी लिथियमची बॅटरी तीन वर्षं पेटीत राहिली तर काय होतं? चार्ज किती ठेवून पेटी बंद करायची, किती महिन्यांनी उघडून बघायची, बिघडलेली ओळखायची कशी, हे एका पानावर हिंदीत लिही. ते पान इंजिनिअरनं नाही, स्टोअरकीपरनं वाचायचं आहे.

दाखवायला माणूस हवा ना? दिल्लीच्या आधी आपल्याच तालुक्यातले एक माजी सुभेदार आहेत, बरीच वर्षं पहाडी चौक्यांवर काढलेली. त्यांच्याशी बोलून ठेवलंय. यंत्र त्यांच्या हातात दे आणि चालवायचं कसं ते सांगू नको. वही घेऊन बाजूला बस, कुठे अडतात ते लिही. मग खोलीत अंधार करून, हिवाळ्यातले जाड हातमोजे घालून त्यांना बॅटरी बदलायला लाव. तुझा तो छोटासा स्क्रू त्यांच्या बोटांत येणार नाही असा माझा अंदाज आहे. 'हे काय खेळनं आनलं वं माय' म्हणतील, फटकळ आहेत. मनावर घेऊ नको, पण लिहून मात्र घे.

सकाळी नऊच्या आत जा, दुपारी ते झोपतात. सुटे सेन्सर दोन जास्तीचे ने, हातमोजे त्यांच्याकडे आहेत. परतताना वही माझ्याकडे टाकून जा, चार दिवसांत वाचून खुणा करून पाठवतो.

तुझा,
काका