बाटली हातात धरून कमतरता कळते का?

प्रश्न: कंबरदुखीसाठी दोन महिने कायरोप्रॅक्टरकडे (मणका आणि सांधे हाताने दाबून उपचार करणारे) जातेय, फरक आहे. पण परवा त्यांनी माझ्या एका हातात गोळ्यांची बाटली दिली, दुसरा हात समोर ताठ धरायला लावला आणि वरून दाबला. हात खाली गेला नाही म्हणून म्हणाले, हेच तुमच्या शरीराला हवंय, आणि तीन बाटल्या दिल्या, पायाला मुंग्या येतात त्यासाठी. मी सात वर्षं डायबिटीससाठी मेटफॉर्मिन घेते. या गोळ्या सुरू करू का?

उत्तर: ताई, नका करू एवढ्यात. कंबरेला आराम पडतोय ही चांगलीच गोष्ट आहे, पण हात दाबून बघायचा हा प्रकार, अप्लाइड किनेसिऑलॉजी म्हणतात त्याला, १९६४ मध्ये जॉर्ज गुडहार्ट या कायरोप्रॅक्टरने काढला आणि बाटलीत काय आहे हे दाबणाऱ्यालाच माहीत नसलं की त्याचं उत्तर अंदाजपंचेच येतं.

मला खरी काळजी वाटते ती मुंग्यांची. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असली की व्हिटॅमिन बी१२ कमी होऊ शकतं आणि त्याने पायाला मुंग्या येतात, शुगरने नसा खराब झाल्या तरी येतात, कंबरेत नस दबली तरी येतात, आणि पेशंटला वाटतं सगळं सारखंच. म्हणून आधी रक्तातलं बी१२ तपासून घ्या.

आणि त्या तिन्ही बाटल्यांची लेबलं वाचा हो, बारीक अक्षरातली. पायरिडॉक्सिन म्हणजे बी६ किती आहे ते बघा आणि बेरीज करा. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण दीड मिलिग्रॅम पुरतं, युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये वरची मर्यादा १२ ठरवली, आणि 'नसांच्या' गोळ्यांत कधीकधी ५० किंवा १०० असतं. ते खूप दिवस पोटात गेलं तर त्यानेच मुंग्या येतात! म्हणजे ज्यासाठी औषध घ्यायचं तेच वाढायचं.

कायरोप्रॅक्टरने आहाराबद्दल बोलूच नये असं माझं म्हणणं नाही, त्यांच्या शिक्षणात हा विषय असतो. वजन, कॅल्शियम, व्हिटॅमिन डी यावर त्यांनी जरूर बोलावं, उलट हाडं ठिसूळ आहेत का हे तर त्यांनी मणक्यावर जोर द्यायच्या आधीच विचारायला हवं. पण सल्ला देणारा आणि बाटली विकणारा एकच असला की मी तरी रिपोर्ट मागते.

लेबलांचे फोटो डायबिटीसच्या डॉक्टरांना दाखवा, मेटफॉर्मिन आपल्या मनाने बंद करू नका. आणि पायातली ताकद गेली, किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटला तर कुठल्याही अपॉइंटमेंटची वाट न बघता लगेच हॉस्पिटल गाठा.