हेडफोनमध्ये भारी, हॉलमध्ये गायब: गिटारवाल्यांचे प्रश्न

प्रश्न: मी लक्ष्मीनगरात राहतो, कॉलेजच्या बँडमध्ये इलेक्ट्रिक वाजवतो, गणपतीत ऑर्केस्ट्रा आणि लग्नात संगीतचे प्रोग्राम पण असतात. सध्या मित्राचं झूम जी वन एक्स फोर (एकाच डब्यात बरेच इफेक्ट असलेलं डिजिटल युनिट) वापरून राहिलो. हेडफोनमध्ये एकदम जबरदस्त. पण हॉलमध्ये मिक्सरला लावलं की बँडमध्ये गिटार ऐकूच येत नाही, आणि घरच्या छोट्या अँपला लावलं तर घोंगडी पांघरल्यासारखा दबलेला आवाज. बँडमधले दादा म्हणतात डिजिटल असंच असते, दोन साधे पेडल (एकेकच इफेक्ट देणारे) घे. काय करू?
(एक वाचक, नागपूर)

उत्तर: दादांचं मला पटत नाही. तुमच्या दोन्ही तक्रारी डिजिटलच्या नाहीतच, आवाज शेवटी कुठून बाहेर पडतो त्याच्या आहेत.

आधी घरचा अँप. गिटार अँपचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचं बरंचसं कापतो, आणि युनिटमधलं कॅबिनेट सिम्युलेशन, म्हणजे स्पीकरच्या खोक्याची नक्कल, नेमकं तेच काम करते, म्हणून तर हेडफोनमध्ये गोड लागते. तोच पॅच (युनिटमध्ये साठवलेली सेटिंग) अँपला लावला की वरचा आवाज दोनदा कापला जातो, दबणारच ना! अँपसाठी वेगळे पॅच करा, त्यातून अँप आणि कॅबिनेटचे मॉडेल काढून टाका, फक्त ड्राइव्ह (आवाज फाटका करणारा), डिले (प्रतिध्वनी देणारा) वगैरे ठेवा.

हॉलचं कारण वेगळं आहे आणि यात भले भले फसतात. हळू आवाजात आपल्या कानाला बेस आणि ट्रेबल कमी ऐकू येते, मग रात्री हेडफोन लावून आपण ते दोन्ही वाढवतो, मिड (मधल्या पट्टीचा आवाज) कमी करतो, वरून भरपूर गेन (फाटकेपणा) आणि रिव्हर्ब (घुमणं), एकट्याने ऐकायला मस्तच वाटते पण हॉलमध्ये खालची जागा बेस गिटार आणि किकने (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमने) घेतलेली, वरची सिंबलने, आणि जिथे गिटारने बोलायचं ते मिडच तुम्ही उडवलेलं. मिड वाढवा, गेन अर्ध्यावर आणा, रिव्हर्ब कमी करा. आणि पॅच ड्रमसोबत, मोठ्या आवाजातच सेट करा, प्रत्येक पॅचची लेव्हलसुद्धा तिथेच जुळवा. एकट्याने ऐकताना थोडा उघडा, नाकातला वाटला तरी चालते.

आता हे झूम घ्यायचं की नाही. एकावेळी ५ इफेक्ट, वाह-व्हॉल्यूमला एक्सप्रेशन पेडल (पायाने मागे-पुढे दाबायचं), ट्यूनर, ३० सेकंदांचा लूपर (वाजवलेलं रेकॉर्ड करून पुन्हा पुन्हा ऐकवणारा), आणि ४ डबल-ए सेलवर चालते, मांडवात अडॅप्टरची घरघर नको असेल तेव्हा हे फार कामाचं आहे. संगीतच्या कार्यक्रमात एका गाण्याला कोरस (आवाज भरगच्च करणारा इफेक्ट), दुसऱ्याला डिले, तिसऱ्याला वाह लागतो, दोन पेडलवर ते भागत नाही. कमजोरी स्टेजवर कळते: फुटस्विच दोनच, पॅच पुढे-मागे करत जावं लागते, म्हणून पॅच गाण्यांच्या क्रमानेच लावून ठेवा. साध्या पेडलवर नॉब समोर असतो, हात घातला की काम झालं, इथे मेनूत शिरावं लागते, आणि हा फरक खरंच मोठा आहे. शिवाय यूएसबीतून थेट रेकॉर्डिंग होत नाही, ते पाहिजे असेल तर बॉस जीटी-वन बघा. अडॅप्टर ९ व्होल्ट, पिनच्या मध्ये निगेटिव्ह, दुसरा कुठला लावू नका.

सीताबर्डीला दुकानात जाल तेव्हा स्वतःची गिटार न्या. हेवी पॅच सगळ्याच युनिटवर बरे वाजतात, त्यावरून काही ठरवू नका. क्लीन (ड्राइव्हशिवाय) ऐका, मग थोडं ड्राइव्ह ठेवून गिटारचा व्हॉल्यूम निम्मा करा, आवाज साफ होतो का मरतो ते बघा, आणि डिले चालू असताना पॅच बदलून मध्ये किती खंड पडतो तेही ऐका.