बडोद्यात राहून माझी लेक जगभर कार्यक्रम करणारी पियानोवादक होऊ शकेल का?

सुरुवात इथे होईल, पुढचं शिक्षण मात्र बाहेरच. १८८६ सालच्या सयाजीरावांच्या गायनशाळेपासून बडोद्यात संगीत रुजलंय, पण ते आपलं गाणं, सतार, तबला. पियानोच्या ग्रेड परीक्षांतली शेवटची, आठवी ग्रेड हा फक्त पाया. खरी कसोटी परदेशी कॉन्झर्व्हेटरीच्या, म्हणजे संगीत महाविद्यालयाच्या, प्रवेश-ऑडिशनची. वॉर्सातली शोपाँ पियानो स्पर्धा पाच वर्षांतून एकदा होते, तिथे जिंकलेल्यांना जगभरची बोलावणी येतात.

एक गोष्ट आधीच सांगते. सतारवादक आपली सतार सोबत नेतो. पियानोवादकाला बहुतेक वेळा त्या त्या सभागृहातलाच पियानो वाजवावा लागतो. दर गावी पट्ट्यांचा भार वेगळा, नाद वेगळा, हात बसवायला वेळ थोडा. म्हणून कीबोर्डवर थांबू नका. खरा, तारांचा पियानो घ्या आणि मिळेल तो दुसराही तिला वाजवू द्या.